खर्चवाढीची कारणे : एका यादीची चिकित्सा

'सार्वजनिक खर्चात वाढ होण्याची कारणे सांगा' हा प्रश्न पदवीच्या अर्थशास्त्राच्या पेपरात इतक्या वेळा येऊन गेला आहे, की त्याचे उत्तर विद्यार्थी झोपेतही लिहून देतील. लोकसंख्येतील वाढ, भाववाढ, नागरीकरण, संरक्षण, नियोजन, कल्याणकारी राज्याची कल्पना, लोकशाही यंत्रणेचा खर्च, कर्जावरील व्याज. आठ मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली तीन ओळी, शेवटी वॅग्नरचा नियम आणि पीकॉक-वाइझमन यांचे गृहीतक. मीही मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात ही यादी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. यादीतला एकही मुद्दा खोटा नाही. तरीही ती मला खुपत राहिली. या यादीत लोकसंख्या आहे पण समाज नाही. नागरीकरण आहे पण नगराच्या कडेची वस्ती नाही. कर्जावरील व्याज आहे पण ते व्याज घेणारा कोण, याचा पत्ता नाही. पाऊस पडतो, नदी वाहते, तसा सरकारी खर्च वाढतो, असे काहीसे ते वर्णन आहे. निसर्गाला जाब विचारता येत नाही. म्हणून जेथे जाब द्यावा लागेल तेथे निसर्गाची भाषा वापरली की सोयीचे जाते. वर्णव्यवस्थेच्या समर्थकांनी हीच युक्ती शतकानुशतके वापरली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

शिवाय ही यादी वर्गाबाहेर पडली, की तिचे रूप पालटते. आठांपैकी सात मुद्दे गळून पडतात आणि कल्याणकारी राज्य तेवढे उरते. मग पांढरपेशा वस्तीतल्या कट्ट्यावर, प्राध्यापकांच्या खोलीत, वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत एकच सूर लागतो : सवलती, शिष्यवृत्त्या, फुकटचे धान्य यांनी तिजोरी रिकामी केली, मतांसाठी सरकारने 'यांना' डोक्यावर बसवले. 'यांना' म्हणजे कोणाला, हे सांगावे लागत नाही. विद्यापीठात जे कारण म्हणून शिकवले जाते, ते बाहेर आरोप म्हणून ऐकू येते. म्हणूनच साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात मी हा विषय आणतो आहे. अंदाजपत्रक हाही एक ग्रंथ आहे. त्यात कोणाचे नाव कोणत्या पानावर आहे आणि कोणाचे कोठेच नाही, हे वाचणे समीक्षेच्याच कक्षेत येते. राखीव जागांवर आपल्या चळवळीत जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही अंदाजपत्रकावर बोलले गेले नाही.

आधी खर्च किती वाढला ते पाहू. स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक आर. के. षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले. ते साडेसात महिन्यांपुरते होते. एकूण खर्च १९७ कोटी ३९ लाख रुपये. त्यांपैकी ९२ कोटी ७४ लाख एकट्या संरक्षणाचे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राचा खर्च ५० लाख ६५ हजार कोटींवर धरला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर वर्षाच्या हिशेबाने सोळा हजार पट वाढ दिसते. पण १९४७ चा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हेत. तेव्हाची माणसे आणि आताची माणसेही तेवढीच नाहीत. म्हणून खर्चाची तुलना देशाच्या एकूण उत्पन्नाशी करायची असते. ती केली, की चित्र पालटते. १९५०-५१ मध्ये केंद्राचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या जवळपास होता. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो एकोणीस-वीस टक्क्यांच्या घरात पोचला. १९९०-९१ मध्ये तो सुमारे १८ टक्के होता. २०२५-२६ च्या अंदाजात तो १४ टक्क्यांच्या थोडा वर आहे. मधल्या काळात करोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, तो साडेसतरा टक्क्यांपर्यंत वर गेला आणि पुन्हा उतरला. म्हणजे वाढ खरी आहे, पण ती पहिल्या चार दशकांतली आहे. त्यानंतर केंद्राच्या खर्चाचा वाटा घटला आहे. राज्याने आटोपते घ्यावे ही भाषा सरकारी धोरण झाली १९९१ मध्ये. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली १९९० मध्ये. हा योगायोग मी येथे नुसता नोंदवून ठेवतो.

आता कारणांकडे वळू. अ‍ॅडॉल्फ वॅग्नर हे बर्लिनचे प्राध्यापक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी असे मांडले, की समाज औद्योगिक होत जातो तसतशी राज्याची कामे वाढतात : जुनी कामे अधिक खोलवर करावी लागतात आणि नवी अंगावर येतात. व्यवहार गुंतागुंतीचे झाले की न्यायालये, पोलीस हवेत; रेल्वेसारखे उद्योग खाजगी माणसाच्या आवाक्याबाहेरचे म्हणून राज्याने हाती घ्यावेत; शिक्षण, आरोग्य यांची मागणी उत्पन्नापेक्षा वेगाने वाढते. यात तथ्य आहे. बिस्मार्कच्या जर्मनीकडे पाहून केलेले ते निरीक्षण आहे.

पण त्याच सुमारास पुण्यात एक माणूस सरकारी खर्चाचाच विचार करीत होता आणि त्याचा प्रश्न वेगळा होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात म्हटले, की महसूल येतो तो मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा सरकारी पैसा जातो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी गोऱ्या आणि काळ्या कामगारांचे पगार, पेन्शनी, लोकल फंड, शेतसाऱ्याची वाढ यांचा हिशेब एकाच दावणीला बांधला. सरकारी खर्च का वाढतो, याचे त्यांचे उत्तर सरळ होते : खर्च वाढवणारे आणि खर्च भोगणारे एकच आहेत, आणि भरणारे दुसरेच आहेत. वॅग्नर आमच्या क्रमिक पुस्तकात आले. फुले आले नाहीत. ते आले असते तर 'राज्याची कामे वाढली' या वाक्याला 'कोणाची कामे?' हा प्रश्न आपोआप चिकटला असता.

पीकॉक आणि वाइझमन यांचे पुस्तक १९६१ चे. इंग्लंडमधील १८९० ते १९५५ या काळाचा सरकारी खर्च त्यांनी तपासला. तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ९ टक्क्यांवरून सुमारे ३७ टक्क्यांवर गेला होता, पण सरळ चढणीने नव्हे. तो पायऱ्यापायऱ्यांनी चढला, आणि मोठ्या पायऱ्या दोन महायुद्धांच्या होत्या. शांततेच्या काळात लोक अमुकपेक्षा जास्त कर सहन करीत नाहीत. युद्ध आले की सहन करतात. युद्ध संपते, पण सोसण्याची सवय राहते आणि सरकारही जुन्या पायरीवर उतरत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत नवे खर्च येऊन बसतात. हे मला वॅग्नरपेक्षा अधिक पटते, कारण येथे राज्य आपोआप वाढत नाही. प्रसंग येतो, निर्णय होतो.

भारतात ही पायरी १९६२ मध्ये दिसते. चीनच्या युद्धापूर्वी संरक्षणाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांत तो जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या अंदाजपत्रकात मोरारजी देसाई यांनी कंपन्यांच्या जादा नफ्यावरचा कर आणला आणि सक्तीची ठेव योजनाही आणली. पुढची पंचवीस-तीस वर्षे संरक्षणखर्च जुन्या पातळीवर उतरला नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित आले, तेव्हा पत्राला पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. जुन्या पिढीच्या वाचकांना ते आठवत असेल. ते १९७३ मध्ये बंद झाले. जो कर प्रत्येकाच्या जिभेला आणि बोटाला लागतो तो बंद करावा लागतो. जो मालाच्या किमतीत विरघळून येतो तो राहतो.

आणि मोकळ्या झालेल्या जागेत गरिबांसाठीचा खर्च येऊन बसतो, असे जे इंग्लंडमध्ये काही अंशी घडले, त्याचा उलटा अनुभव आपल्या देशाला आधीच आलेला होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने दुष्काळ विमा निधी म्हणून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढायचे ठरवले आणि त्यासाठी धंद्यांवर परवाना कर, जमिनीवर जादा पट्टी बसवली. लगेच अफगाण युद्ध आले. निधी तिकडे वळला. कर मात्र वसूल होत राहिले. दुष्काळात मेलेल्यांच्या नावाने घेतलेला पैसा तोफांवर गेला. त्या काळी मध्यवर्ती सरकारच्या खर्चातले सर्वांत मोठे खाते लष्कराचेच. आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करातील भरती बंद करण्यात आली. वाढत्या खर्चाचे सर्वांत मोठे दार आणि ते आपल्याला बंद. कोणत्याही पाठ्यपुस्तकातील 'संरक्षण' या मुद्द्याखालच्या तीन ओळींत हे बसणारे नाही.

व्याजाविषयी थोडे अधिक सांगावे लागेल, कारण खरी मेख येथे आहे. १९७९-८० पासून केंद्राच्या महसुली खात्यात दरवर्षी तूट येत राहिली. म्हणजे रोजच्या संसाराचा खर्चही कर्जाने भागू लागला. घरात असे झाले तर काय होते ते आपल्या वस्त्यांना सांगायला नको. १९९०-९१ मध्ये केंद्राने व्याजापोटी सुमारे साडेएकवीस हजार कोटी रुपये दिले. एकूण खर्चाच्या तो पाचवा हिस्सा होता. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. म्हणजे चौथा हिस्सा. रुपयातले पंचवीस पैसे, कोणाला एक वीट किंवा एक वही मिळण्याआधीच, निघून जातात. हे कोणाला मिळतात? सरकारी रोखे ज्यांच्याकडे आहेत त्यांना : बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. त्यात एखाद्या दलित शिपायाचा निधीही असेल, नाही असे नाही. पण ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याच्याकडे व्याज जाते आणि ज्याच्याकडे शिल्लक नाही तो साबण, काडेपेटी घेताना कर भरतो. त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात अन्नधान्यावरचे अनुदान, ज्याच्यावर सगळा गहजब चालतो, २ लाख ३ हजार कोटींच्या आसपास होते. रुपयातले चार पैसे. पंचवीस पैशांबद्दल कोणी वाचकांच्या पत्रात लिहीत नाही. व्याजाला 'रेवडी' म्हणण्याची पद्धत आपल्या देशात नाही.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात आणखी एक कारण दाखवले. त्याने रंगमंचीय कलांचा अभ्यास केला होता. मी त्याचे म्हणणे आपल्या जलशावर समजावतो, मुलांना पटकन कळते. भीमराव कर्डकांच्या काळात जलशाला जितकी माणसे आणि जितके तास लागत, तितकीच आजही लागतील. कारखान्यात यंत्र आले, एक कामगार दहाचे काम करू लागला, त्याची मजुरी वाढली. जलसेकराचे काम यंत्राने वाढत नाही, पण मजुरी वाढवली नाही तर तो कारखान्यात जाईल. म्हणजे उत्पादन तेवढेच आणि खर्च मात्र चढता. शिक्षक, परिचारिका, पोलीस, सफाई कामगार यांचे असेच. सरकार मुख्यतः असलीच कामे करते, म्हणून काहीही नवे न करतादेखील त्याचा खर्च चढत राहतो. हा युक्तिवाद मला सुंदर वाटतो. एका गोष्टीने तो आपल्याकडे अडखळतो. सफाई कामगाराला कारखान्यात जाता येत नाही. जातीने त्याचा बाजार आधीच ठरवून ठेवलेला आहे. मग त्याची मजुरी बॉमोलच्या नियमाने का वाढावी?

ती वाढली ती फक्त सरकारी पगारपत्रकावर नाव होते तोवर. वेतन आयोगांचा लाभ काही प्रमाणात तळापर्यंत पोचला. आपल्यातली पहिली शिकलेली पिढी कित्येक घरांत अशाच एका चतुर्थ श्रेणीच्या पगारावर उभी राहिली. मग २००८ मध्ये सहाव्या वेतन आयोगाने 'गट ड' वरच्या गटात विलीन करण्याची आणि त्या गटात नवी भरती न करण्याची शिफारस केली. असलेल्यांना वरची श्रेणी मिळाली, हे चांगले झाले. पण त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी ती दारेच उरली नाहीत. झाडू थांबला नाही. तो ठेकेदाराच्या माणसाच्या हाती गेला. सरकारचा त्यावरचा खर्च पगाराच्या रकान्यातून निघून कार्यालयीन सेवांच्या रकान्यात गेला. ठेक्याला आरक्षण नाही. तेव्हा खर्चाच्या वाढीचे कारण विचारताना, रकाना कधी बदलला हेही विचारायला हवे.

उजव्या बाजूच्या अर्थशास्त्रज्ञांचा रोख लोकशाहीवर आहे. जेम्स ब्यूकॅनन, ज्यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्यांच्या पंथाचे म्हणणे असे, की मतदार लाभ मागतो, कर मागत नाही. पुढारी दोघांचेही ऐकल्यासारखे करतो आणि कर्ज काढतो. नोकरशहाला आपले खाते मोठे करायचे असते. मेल्ट्झर आणि रिचर्ड यांनी १९८१ मध्ये असे सूत्र मांडले, की मताधिकार जसजसा गरिबांपर्यंत पोचतो तसतसे फेरवाटप वाढते, कारण सरासरीहून कमी उत्पन्न असलेले मतदार बहुसंख्य होतात. सूत्र म्हणून हे चोख आहे. भारतात तर याची कसोटी एका झटक्यात लागायला हवी होती. जेथे मूठभरांना मत होते तेथे घटनेने प्रत्येक प्रौढाला, झाडूवाल्याला आणि मालकाला, एकच मत दिले. सूत्र खरे असते तर शाळा आणि दवाखाने यांवर पैशाचा पूर आला असता. प्रत्यक्षात कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे जे लक्ष्य सांगितले, ते केंद्र आणि राज्ये मिळून अजून गाठू शकलेली नाहीत.

असे का झाले? या सूत्रात मतदारांना फक्त उत्पन्न असते. आपल्याकडील मतदाराला जात असते. भूमिहीन मराठा, भूमिहीन बौद्ध आणि भूमिहीन मातंग यांचे उत्पन्न एक असले तरी ते एकत्र येऊन अंदाजपत्रक मागत नाहीत. मागतात ते, ज्यांची संघटना आहे. खतावरील अनुदानाची आजची पद्धत १९७७ च्या सुमारास आकाराला आली आणि २०२२-२३ मध्ये त्याचा आकडा अडीच लाख कोटींवर गेला. खत जमिनीत पडते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या माणसांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक शेतमजूर होते. शेतकऱ्याला अनुदान नको असे मी म्हणत नाही. परंतु 'गरीब मतदारांच्या मागणीमुळे खर्च वाढला' हे म्हणणे आपल्या देशात, निदान आपल्याविषयी, धादांत खोटे आहे.

आणि आता बाबासाहेबांचे पुस्तक. 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. प्रस्तावना कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव गायकवाडांना. आपण हा ग्रंथ कपाटात ठेवला, जयंतीच्या भाषणात त्याचे नाव घेतले, आणि वाचला मात्र फार थोड्यांनी. सरकारी खर्च का फुगतो, याचे त्यात दिलेले उत्तर कोणत्याही यादीपेक्षा मला मूलगामी वाटते. १८३३ च्या सनदी कायद्याने सगळ्या प्रांतांचा जमाखर्च एका मध्यवर्ती तिजोरीत आला. पैसा उभा करण्याचा अधिकार वर, खर्च करण्याचे काम खाली. खालच्याला काटकसर करून काही लाभ नाही, कारण वाचलेले त्याचे राहत नाही. वरच्याला गरज कोठे आहे हे कळत नाही, कारण तो तेथे नाही. मग वाटणी कशी व्हायची? ज्याने जास्त आरडाओरडा केला त्याला जास्त. १८७१ पासून मेयोच्या योजनेने प्रांतांना ठरावीक रकमा, मग ठरावीक महसूल, मग महसुलात वाटा, असे टप्पे आले. त्या प्रत्येकाची बाबासाहेबांनी चिरफाड केली आहे. त्यांचा सारा रोख असा : खर्चाचे मूळ जबाबदारीच्या रचनेत शोधा. जो खर्च करतो त्याला कर भरणाऱ्यापुढे उभे राहावे लागते की नाही?

ग्रंथाच्या शेवटच्या भागात ते याच्याही पुढे जातात. जनतेला जबाबदार नसलेले नोकरशाहीचे सरकार शांतता आणि सुव्यवस्था यांपलीकडे पाऊल टाकायला कचरते. समाजातल्या अन्यायाला हात लावण्याचे धैर्य त्याच्यात नसते. म्हणजे कमी खर्च करणारे सरकार चांगले, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारला सुनावले, की दारूच्या करातून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. शिक्षणावर माणशी चौदा आणे आणि दारूचे उत्पन्न माणशी दोन रुपयांहून अधिक, असा तो हिशेब होता.

या ग्रंथाची एक मर्यादा सांगायला हवी. त्यात प्रांत बोलतात, मध्यवर्ती सरकार बोलते, जात बोलत नाही. आरडाओरडा करणारे प्रांत होते. ज्यांना ओरडण्याचीही सोय नव्हती त्यांचा रकाना त्या जमाखर्चात नव्हताच. ही उणीव बाबासाहेबांनी स्वतःच पुढे भरून काढली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, वर्षाला तीन लाखांची. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मागितले, की अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाची तरतूद हा शिक्षणाच्या अंदाजपत्रकावरचा पहिला भार असावा. 'पहिला भार' हा शब्द हिशेबनिसाचा आहे. व्याजाला आपल्याकडे पहिल्या भाराचा मान आहे. तो मान त्यांना आपल्या मुलांच्या फीसाठी हवा होता.

घटनेत ते आले नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, ही कल्पना तब्बल बत्तीस वर्षांनी, १९७९-८० मध्ये, विशेष घटक योजना म्हणून आली. आली ती एका अटीने : वाटा मोजायचा तो योजनांतर्गत खर्चावर. योजनेतर खर्च, म्हणजे व्याज, संरक्षण, पगार, पेन्शन, या हिशेबाबाहेर. वरवर हे रास्त वाटते. तोफेतला सहावा हिस्सा कसा काढणार? पण वर आपण पाहिलेली कारणे पुन्हा आठवा. युद्धाची पायरी, व्याजाची चढण, वेतन आयोग : ही सारी वाढ योजनेतर खर्चातली. म्हणजे ज्या भागात आपला वाटा लिहिला होता तो आक्रसत गेला, आणि जो भाग फुगत गेला त्यात आपला वाटाच नव्हता. एवढे करूनही तो वाटा प्रामाणिकपणे क्वचितच बाजूला काढला गेला. मग २०१७-१८ मध्ये योजना आणि योजनेतर हा भेदच मोडीत निघाला, आणि वाटा कशावर मोजायचा याचा पायाच गेला. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकाच्या '१०-अ' या विवरणपत्रात अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी दाखवलेली रक्कम १ लाख ६८ हजार कोटींच्या आसपास, एकूण खर्चाच्या साडेतीन टक्क्यांच्याही आत. आणि यातही सर्वांसाठीच्या योजनांमधला 'आपला' म्हणून कागदावर दाखवलेला भाग मोठा आहे.

त्या तीन लाखांच्या शिष्यवृत्तीचे पुढे काय झाले हेही याच हिशेबात बघावे लागते. ती केंद्राची योजना. पण पंचवार्षिक योजना संपली, की तोवरचा खर्च राज्यांची 'बांधील जबाबदारी' धरायचा आणि केंद्राने फक्त वरची वाढ द्यायची, असा नियम होता. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली. त्यानंतरची तीन वर्षे केंद्राचे साहाय्य देशभरातल्या मुलांसाठी वर्षाला सुमारे अकराशे कोटी एवढेच राहिले. त्याच काळात, २०१७-१८ ते २०१९-२० मध्ये, केंद्राचा एकूण खर्च २१ लाख ४२ हजार कोटींवरून २६ लाख ८६ हजार कोटींवर गेला. खर्च वाढतच होता. पुष्कळ ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९ हजार ४८ कोटींची योजना मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के, ३५ हजार ५३४ कोटी. नव्या पद्धतीत राज्याने आपले चाळीस टक्के आधी जमा करायचे, मग केंद्राचे साठ टक्के थेट मुलाच्या खात्यात यायचे. राज्याचे आले नाहीत तर केंद्राचेही अडतात. १८३३ च्या कायद्यावरचे बाबासाहेबांचे प्रकरण ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. आमच्या महाविद्यालयाच्या खिडकीशी फीसाठी थांबलेल्या मुलीचे पैसे यांतल्या कोणत्या पायरीवर अडले आहेत, हे खिडकीतल्या कारकुनालाही सांगता येत नाही.